फवारा किती, कुठे आणि कशाचा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काळ्या मातीचे म्हणून ओळखले जाणारे वावरही सगळीकडे सारखे काळे नसते. वरच्या धुऱ्याकडे (बांधाकडे) वीतभर मातीखाली मुरूम लागतो आणि त्या बरड पट्ट्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याच्या फारशी वर जात नाही. नाल्याकडच्या भारी रानात मात्र तीच जात, त्याच दिवशी टोबून पेरलेली, दसऱ्यापर्यंत डोक्याला लागते. पाठीवरच्या पंपाने फवारणारा जाणता मजूर झाड पाहून चाल बदलतो, लहान झाडावरून हात लवकर पुढे नेतो आणि दाट झाडाभोवती दोनदा फिरवतो. ट्रॅक्टरचा बूम (फवाऱ्याच्या तोट्या, म्हणजे नोझल, बसवलेला लांब आडवा दांडा) किंवा ड्रोन यांना हे आपोआप कळत नाही. बदलत्या दराची फवारणी, म्हणजे जागेप्रमाणे फवारा कमी-जास्त करणे, हा त्या मजुराच्या हाताला असलेली समज यंत्राला देण्याचा प्रयत्न आहे, आणि तो कुठे उपयोगी पडेल व कुठे नाही, हे यंत्राची किंमत विचारण्याआधी ठरवले पाहिजे.

मात्रा कमी-जास्त करणे म्हणजे कॉक थोडा फिरवणे, असे वरवर वाटते. नोझलमधून बाहेर पडणारा प्रवाह हा दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे फवारा दुप्पट करायचा असेल तर दाब चौपट लागतो आणि निम्मा करायचा असेल तर दाब एक चतुर्थांशावर आणावा लागतो. दाब वाढला की थेंब बारीक होऊन वाऱ्यावर जातात, दाब पडला की थेंब जाड होऊन पानावरून ओघळतात आणि पंख्यासारखी पसरणारी धारही आक्रसते. यावर निघालेला तोडगा १९९० च्या दशकापासून वापरात आहे. प्रत्येक नोझलच्या मागे विजेवर चालणारी एक छोटी झडप बसवतात, ती सेकंदाला दहाएक वेळा उघडते व मिटते, आणि प्रत्येक वेळी किती काळ उघडी राहायची एवढेच नियंत्रक ठरवतो. झडप निम्मा वेळ उघडी राहिली तर औषधाचे पाणी जवळपास निम्मे जाते, दाब मात्र तोच राहतो आणि थेंबाचा आकारही फारसा बदलत नाही. ज्या यंत्रात ही किंवा याच्या तोडीची व्यवस्था नाही आणि केवळ दाब बदलून दर बदलण्याचा दावा केला जातो, त्या यंत्राची मर्यादा फार लवकर येते.

आता मात्रेबद्दल, कारण आपल्याकडे सर्वांत मोठा गोंधळ येथे होतो. हातपंपाच्या किंवा बूमच्या फवारणीत दर बदलायचा म्हणजे एकरी किती मिश्रण पडावे हे बदलायचे. पंपातल्या पाण्यात औषध किती हे बदलायचे नाही. भारी रानातल्या दाट पऱ्हाटीला एकरी २०० लिटर मिश्रण लागत असेल आणि बरडावरच्या लहान झाडांना १०० लिटर पुरत असेल, तर मिश्रण तेच ठेवूनही बरडावर निम्मे औषध वाचते आणि पानापानावर पडणारी मात्रा कमी होत नाही. याउलट पाणी तेवढेच ठेवून औषध पातळ केले, तर मरायच्या ऐवजी टिकून राहिलेली कीड पुढची पिढी त्या औषधाला सरावलेली देते. ड्रोनचे गणित आणखी वेगळे आहे. तो एकरी साधारण दहा लिटर पाण्यात काम भागवतो, म्हणजे एकरी औषध तेवढेच आणि पाणी अगदी थोडे. त्यामुळे त्याच्या टाकीतले द्रावण हातपंपापेक्षा कितीतरी पट तीव्र असते. हातपंपाचे ‘एका पंपाला इतकी ढाकणे’ हे माप तिथे चालत नाही, आणि ड्रोनचे माप पाठीवरच्या पंपात घालणे तर जिवावर बेतू शकते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्यावर गेलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, बारीक धुके उडवणारे पंप आणि तोंडाला फार तर रुमाल, असे सगळे त्या वर्षी एकत्र आले होते. त्यामुळे यंत्रात औषध किती वाचते याच्याइतकेच, माणूस त्या धुक्यापासून किती लांब राहतो, हेही मी पाहतो.

कुठे किती, हे यंत्राला दोन प्रकारे सांगता येते. एक म्हणजे आधी नकाशा तयार करून तो यंत्रात भरणे, आणि दुसरा म्हणजे चालता चालता संवेदकाने (सेन्सरने) पीक पाहून तिथल्या तिथे ठरवणे. नकाशासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रे फुकट मिळतात. त्यांचा एक चौकोन दहा मीटरचा, म्हणजे एका एकरात सुमारे चाळीस चौकोन येतात. दोन-तीन एकरांच्या वावरात कडेचे बरेच चौकोन धुऱ्यावरच्या बाभळी-बोरींनी बिघडतात, आणि श्रावणात आभाळ असे भरून येते की आठवडेच्या आठवडे खालचे काही दिसत नाही. याहून मोठी अडचण अर्थ लावण्याची आहे. हिरवेपणाचा निर्देशांक घसरला म्हणजे पीक कुठे बिघडले ते समजते, कशाने बिघडले ते समजत नाही. तुडतुड्यांनी कडा पिवळ्या पडलेली पऱ्हाटी, चिबडलेल्या जागेतली पऱ्हाटी आणि लाल्या (पाने लाल पडण्याची विकृती) आलेली पऱ्हाटी नकाशावर एकाच फिकट रंगात दिसू शकतात. पहिलीला कीटकनाशक लागते, दुसरीला पाण्याला वाट आणि तिसरीला बहुधा मॅग्नेशियम व नत्र. नकाशा हातात घेऊन त्या जागी जाऊन पान उलटून पाहणे कोणत्याही यंत्राने टळलेले नाही.

गुलाबी बोंडअळीसाठी तर असा नकाशा मला जवळपास निरुपयोगी वाटतो. अळी बोंडाच्या आत असते, वरून झाड हिरवेगार दिसते. तिथे निर्णय कामगंध सापळ्यावरच (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यावरच) व्हायला हवा: सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा दहा टक्के फुलांत वा बोंडांत प्रादुर्भाव दिसला, की फवारणी, आणि ती करायची तर झाड पूर्ण झाकले जाईल अशी. कपाशीत बदलत्या दराचे खरे काम आहे ते वाढ रोखणाऱ्या मेपिक्वाट क्लोराइडसारख्या औषधाचे. भारी रानातली माजलेली पऱ्हाटी आवरायची असते, आणि बरडावरच्या आधीच खुंटलेल्या झाडाला तेच औषध दिले तर पैसे देऊन नुकसान विकत घेतल्यासारखे होते. झाडाची उंची आणि दाटी हीच येथे मोजायची गोष्ट असते आणि संवेदकाला नेमकी तीच चांगली दिसते.

जॉन डियर कंपनीने २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्राचे व्हिडिओ आमच्या गटावर नेहमी फिरतात. त्याच्या १२० फुटी बूमवर ३६ कॅमेरे आहेत, ते पिकातले तण ओळखतात आणि फक्त तणावर औषध सोडतात. कौतुक आहेच, पण आमच्या कित्येक वावरांत तो बूम उघडला तर एक टोक शेजाऱ्याच्या तुरीत जाईल. शिवाय जिथे डवऱ्याचे (बैलाच्या कोळप्याचे) फेर वेळेवर होतात, तिथे पिकाच्या ओळींमधल्या तणासाठी एवढ्या यंत्राची गरज पडत नाही.

विदर्भात हे तंत्र आधी कुठे यावे, असे मला कोणी विचारले तर मी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या संत्रा बागांकडे बोट दाखवीन. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडे बसतात, आणि डिंक्याने किंवा मूळकुजीने त्यातली काही वाळून जातात. मग मोठ्या झाडांच्या ओळीत कुठे खाडे असतात, कुठे मागाहून लावलेली कंबरेएवढी रोपे. ट्रॅक्टरचा ब्लोअर (पंख्याच्या वाऱ्याने फवारा उडवणारे यंत्र) या सगळ्यांवर सारखाच वाहतो, आणि खाड्यावर उडालेले औषध जमिनीवर किंवा पलीकडच्या ओळीच्या मजुरावर पडते. ब्लोअरच्या पुढच्या बाजूस बसवलेला ध्वनिलहरींचा संवेदक प्रतिध्वनी परतायला लागणाऱ्या वेळेवरून झाड किती अंतरावर आहे ते मोजतो, झाड नसले तर झडपा बंद ठेवतो आणि लहान रोप आले तर वरच्या नोझल मिटून फक्त खालच्या चालवतो. येथे नकाशा नको, उपग्रह नको आणि आभाळ मोकळे होण्याची वाटही पाहायला नको. मात्र कोळशीसाठी (काळ्या माशीमुळे पाने काळी पडण्याच्या रोगासाठी) काळ्या माशीवर औषध मारताना पिले पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात, म्हणून मिश्रण कमी केले तरी ब्लोअरचा वारा आतल्या फांद्यांपर्यंत पोहोचलाच पाहिजे. ट्रॅक्टर जोरात दामटला की तो पोहोचत नाही आणि दोष औषधावर जातो.

एकट्या बागाईतदाराने असे यंत्र घेण्यापेक्षा शेतकरी गटाच्या अवजारे बँकेत (भाड्याने अवजारे देणाऱ्या सामायिक केंद्रात) ते असावे आणि भाडे एकरावर न ठरता तासावर ठरावे, असे मला वाटते, कारण एकरावर पैसे घेणारा चालक ट्रॅक्टर दामटणारच. भाड्याने आणतानाही आधी साधे पाणी भरून प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे धरावे आणि मिनिटभराचे पाणी मोजावे. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक पाणी देणारी नोझल झिजलेली असते, तिच्या मागची झडप कितीही अचूक उघडली-मिटली तरी हिशेब चुकतोच, आणि ती बदलायला लागणारा खर्च औषधाच्या एका बाटलीपेक्षा कमीच असतो.