पहिल्या दिवशी लॅपटॉप बंद

एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या एमएस्सी, पीएचडीच्या मुलांना जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि उपग्रहाची चित्रं तपासायचं तंत्र) शिकवायला उभी राहिले की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा ठरलेला, मॅडम क्यूजीआयएस शिकू की गूगलचं अर्थ इंजिन, प्रोग्रामिंगसाठी पायथन की आर? मी हल्ली त्याचं उत्तर लगेच देतच नाही. पहिल्या दिवशी लॅपटॉप बंद ठेवायला सांगते आणि एकच पिक्सेल, म्हणजे उपग्रहाच्या चित्राचा सगळ्यात छोटा चौकोन, घेऊन बसते. लँडसॅट उपग्रहाचा पिक्सेल म्हणजे ३० बाय ३० मीटर, ९०० चौरस मीटर जमीन आणि तिच्यासाठी प्रत्येक बँडमध्ये (प्रकाशाच्या एकेका पट्ट्यात) फक्त एक आकडा, त्यात गवत, दोन झाडं, मधली पायवाट सगळं एकत्र कालवलेलं. हे डोक्यात पक्कं बसलं की मग एनडीव्हीआय (इन्फ्रारेड आणि लाल बँडच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून काढलेला हिरवळीचा आकडा) ०.४ आला म्हणून लगेच "इथे जंगल आहे" असं कोणी म्हणत नाही.

मागच्या बॅचमधली एक मुलगी पाणथळ जागांचा नकाशा घेऊन आली, रँडम फॉरेस्ट (नमुन्यांवरून शिकून प्रत्येक पिक्सेल कशाचा ते ओळखणारी पद्धत) लावलेलं, अ‍ॅक्युरसी बघून एकदम खूश. झूम केलं तर ढगांच्या सावल्या पण पाणी म्हणून निळ्या झालेल्या! टेस्टचे पॉइंट कुठले घेतलेस विचारलं, तर ट्रेनिंगचे ज्या पॉलिगॉनमधले (नकाशावर आखलेल्या तुकड्यांमधले) त्याच पॉलिगॉनमधले, ७० टक्के शिकवायला, ३० टक्के तपासायला करून. म्हणजे एका पिक्सेलवर शिकवलं आणि परीक्षा त्याच्या शेजारच्या पिक्सेलवर घेतली, मार्क चांगले पडणारच ना. जवळच्या गोष्टी एकमेकींसारख्या जास्त असतात हे भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७० मध्येच मांडलंय, पण स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात ते येत नाही म्हणून मुलांना ते कोणी सांगतच नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. मग सावल्या मास्क केल्या, म्हणजे वगळल्या, भागाचे ब्लॉक पाडले, काही ब्लॉक फक्त टेस्टसाठी पूर्ण बाजूला ठेवून परत रन केलं. अ‍ॅक्युरसी बरीच उतरली, तिचा चेहरा पण उतरला, मी म्हटलं अगं थीसिसमध्ये हाच आकडा जाणार, हा खरा आहे.

अजून एक, सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रांवर टाइम सिरीज (वर्षानुवर्षांची तुलना) करणाऱ्यांनी हे नक्की बघा. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रोसेसिंगमध्ये बँडच्या व्हॅल्यूत १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता एनडीव्हीआय काढला की खालचा भाजक फुगतो, आकडा घसरतो, आणि वाटतं २०२२ मध्ये झाडोराच कमी झाला. अर्थ इंजिनमध्ये हार्मोनाइज्ड कलेक्शन (जुन्या-नव्या व्हॅल्यू एकाच पट्टीवर आणलेला संच) घेतलं की हे आपोआप सुटतं.

प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायच्या पद्धतीचं, तर दरवर्षीचंच, ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटरमध्ये क्षेत्रफळ मोजू नका, ६० अंश अक्षांशावर ते चौपट येतं.

आता ती पाणथळ जागांवाली मुलगी फील्डवर निघालीये. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या जागेतही काही मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि सेंटिनल-२ चा पिक्सेल १० मीटरचा, म्हणून तिला सांगितलंय, पाण्याच्या काठावर पॉइंट घेऊ नकोस, एकसारखा मोठा पट्टा शोध, त्याच्या मधोमध उभी राहा आणि चारही दिशांचे फोटो काढ.