खेळगटात पालकाने काय करायचे असते

माझी मुलगी पावणेदोन वर्षांची असताना मी तिला घेऊन पहिल्यांदा बालक-पालक खेळगटात गेले, तेव्हा तिथे तिला काहीतरी शिकवले जाईल आणि मी एका बाजूला बसून ते पाहीन, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या खोलीत फळा नव्हता, तक्ते नव्हते आणि शिकवणारेही कोणी नव्हते. एका कोपऱ्यात पाण्याचा उथळ टब, दुसरीकडे लाकडी ठोकळे, रिकामे डबे आणि कापडाचे मोठे तुकडे मांडून ठेवलेले होते. गट चालवणाऱ्या ताईंनी मला एवढेच सांगितले, "तिच्याजवळ खाली बसा आणि ती काय करते आहे ते पाहा." हे साधे वाटणारे काम जमायला मला कित्येक महिने लागले.

त्याच सुमाराची एक सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. मुलीच्या हातात नरसाळे होते आणि ती पेल्याने त्यात पाणी ओतत होती. पाणी खालून निघून तिच्या पायावर पडले, तशी ती थांबली, आधी पायाकडे आणि मग नरसाळ्याकडे पाहत राहिली. तिने ते डोळ्यासमोर धरून आरपार पाहिले, खालच्या भोकावर बोट ठेवले आणि पुन्हा पाणी ओतले. या वेळी पाणी आतच राहिले. बोट काढल्यावर ते पडले. हाच प्रकार तिने अकरा वेळा केला. मध्यंतरी दोनदा "असं नाही, बाटलीवर धर" असे म्हणत माझा हात पुढे गेला होता आणि दोन्ही वेळा ताईंनी मला खुणेनेच थांबवले. मी नरसाळे बाटलीवर धरून दिले असते, तर बाटली भरली असती. पण पाणी केव्हा थांबते आणि केव्हा वाहते, हा तिने स्वतः उभा केलेला प्रश्न तिथेच संपला असता.

बोलण्याच्या बाबतीतही मला बरेच सोडून द्यावे लागले. हा कोणता रंग, हे किती, याला काय म्हणतात, असे प्रश्न आपण मुलांना सतत विचारतो, पण त्यांची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक असतात आणि मुलाच्या वाट्याला फक्त परीक्षा येते. त्याऐवजी मूल जिकडे पाहत आहे तिकडे आपणही पाहावे आणि "थांबलं की पाणी!" एवढेच म्हणावे. मग मूल आपल्याकडे वळते, काहीतरी उद्गारते, आपण त्याला प्रतिसाद देतो आणि ते पुन्हा काही सांगू पाहते. भाषा वाढते ती या देवाणघेवाणीतून, आणि म्हणूनच या वयाच्या गटात पालकाला दाराबाहेर बसवणे मला मुळातच चुकीचे वाटते.

पहिले काही आठवडे माझी मुलगी इतर मुलांशी खेळत नाही, याची मला फार काळजी वाटत असे. ती एखाद्या मुलाच्या शेजारी बसून त्याच्यासारखेच ठोकळे रचायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बालवाडीतल्या मुलांचे निरीक्षण करून मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये अशा शेजारी-शेजारी चालणाऱ्या खेळाला समांतर खेळ म्हटले होते, आणि नुसते बघत उभे राहणे हाही त्यांनी सहभागाचा एक प्रकार मानला होता. हे कळल्यावर मी तिला "जा, त्याच्याशी खेळ" असे म्हणून ढकलणे बंद केले.

हिसकाहिसकी मात्र होतेच आणि तिथे पालक संकोचतात. नुकताच 'माझं' हा शब्द सापडलेल्या दोन वर्षांच्या मुलाला वाटून घेण्याचा उपदेश समजत नाही. दोघांच्या मध्ये बसून "तुलाही गाडी हवी आहे, त्याचं अजून चाललंय, मग तुझी पाळी" असे शांतपणे सांगावे आणि ती पाळी खरोखर येईल हे पाहावे. आमच्या गटात आवडीची वस्तू एकच न ठेवता दोन-तीन ठेवतात, त्यामुळे निम्मी भांडणे होतच नाहीत.

पालकाला खेळात ओढण्याचा विचार जुना आहे. 'किंडरगार्टन' हे नाव १८४० मध्ये देणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४४ मध्ये मातांसाठी, बाळाशी खेळण्याची गाणी आणि बोटांचे खेळ प्रसिद्ध केले होते. न्यूझीलंडमध्ये १९४१ साली, ऐन युद्धकाळात, वेलिंग्टनमध्ये प्लेसेंटर सुरू झाले. ही केंद्रे पालक स्वतः चालवतात आणि त्यासाठी प्रशिक्षणही घेतात. मला हे विशेष मोलाचे वाटते, कारण गटात शिकलेले पालकाच्या अंगी उरते आणि घरीही उपयोगी पडते.

गट सुरू करू पाहणाऱ्यांना सुरक्षिततेबद्दल दोन गोष्टी आग्रहाने सांगते. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती तोंडात जाऊन घशात अडकतील अशा बारीक वस्तू देऊ नयेत, आणि टबात चार बोटे पाणी असले तरी मोठे माणूस क्षणभरही तिथून उठू नये. बाकी साहित्य महागडे असण्याची मुळीच गरज नाही. ज्या वस्तूचे दहा उपयोग करता येतात, ती बटण दाबल्यावर गाणाऱ्या खेळण्यापेक्षा जास्त काळ मुलाला गुंतवते.

आमचा दीड तास आवराआवरीने संपतो. मुले ठोकळे एकेक करून खोक्यात टाकतात, काही ठोकळे पुन्हा बाहेर येतात, कोणी झाकण लावून पाहते, तर कोणी खोक्यात स्वतःच बसते. मोठ्यांनी हे काम दोन मिनिटांत उरकले असते, पण आम्ही त्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. परवा माझी मुलगी शेवटचा ठोकळा हातात धरून, तिच्याहून लहान मुलगा खोक्यापर्यंत चालत येईपर्यंत थांबली आणि तो ठोकळा तिने त्याच्या हातात दिला. मी खालीच बसले होते, म्हणून मला ते दिसले.