नदीची भीती घेऊन समुद्रात

आमचं गाव कृष्णाकाठी, औदुंबरच्या थोडं खालच्या अंगाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सातला आण्णा आम्हा सगळ्या भावंडांना घाटावर न्यायचे. पाठीला गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधायचा आणि ढकलून द्यायचं, एवढाच क्लास. दुसऱ्या वर्षी कॅन सुटला, तिसऱ्या वर्षी मी पल्याड जाऊन यायला लागले.

मी सातवीत असताना एका दुपारी शेजारच्यांच्या म्हशी पाण्यात होत्या आणि त्यांच्यामागं त्यांचं कुत्रं पोहत होतं. आम्ही पाच-सहा जण घाटाच्या शेवटच्या पायरीजवळ डुंबत होतो. कुत्र्याभोवतीचं पाणी एकदा हललं आणि कुत्रं दिसेना. भुंकणं नाही, कण्हणं नाही. आम्हाला वाटलं, बुडी मारली असेल. कुत्री बुडी मारत नाहीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. वर आण्णा तंबाखू मळत होते. त्यांनी तळहात झाडला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळी वर या. पळायचं न्हाई, पाणी उडवायचं न्हाई."

त्या चार पायऱ्या मी आजही चढते आहे असं कधी कधी वाटतं.

त्यानंतर आमच्या घरातलं कुणीही नदीत पोहलं नाही. आजी रोज गजेंद्रमोक्ष म्हणायची. त्यात हत्तीचा पाय नक्र, म्हणजे मगर, धरतो, मग हत्ती कमळ वर धरून देवाचा धावा करतो. तोपर्यंत ती मला गोष्ट वाटायची, त्यानंतर बातमी वाटायला लागली.

आता मला कळतं की त्यात मगरीचा दोष काढण्यासारखं काही नव्हतं. कृष्णेत मगरी आहेतच. बंधाऱ्यांमुळं ऐन उन्हाळ्यातही डोहात पाणी राहतं, काठाला ऊस लागून असतो, आणि ज्या वाळूच्या नि मातीच्या काठात मादी अंडी घालते तो काठ वाळूवाल्यांनी आणि वीटभट्टीवाल्यांनी पोखरलेला असतो. थंडीत मीलन, उन्हाळ्याच्या तोंडाला पंचवीस-तीस अंडी आणि मग पिल्लं बाहेर येईपर्यंत मादीची राखण. नेमक्या त्याच दिवसांत माणसं मोटारीचा फूटव्हॉल्व्ह बघायला, धुणं धुवायला, म्हशी धुवायला पाण्यात उतरतात. 2019 च्या महापुरात तर खाली रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर येऊन बसली होती. तो व्हिडिओ मला एका दिवसात अकरा जणांनी पाठवला. हसण्याच्या इमोजीसकट.

पुण्यात आल्यावर मी टँकमध्ये पोहायला लागले आणि तिथं पहिल्यांदा कळलं की ती मगर माझ्याबरोबर एसटीत बसून आली आहे. टँक स्वच्छ, निळा, तळाची फरशी मोजता येईल असा. तरी खोल बाजूला गेलं की तळाशी रंगवलेली लेनची काळी पट्टी बघून माझे पाय आखडायचे. संध्याकाळी दिवे लागायच्या आधीची दहा मिनिटं मी पाण्यात थांबतच नसे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. चाळीशीला आलेली बाई, दोन मुलांची आई, क्लोरीनच्या पाण्यात मगरीला घाबरते!

मग माझ्या लेनमधल्या मैत्रिणीनं मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेत स्वतःचं नाव घातलं आणि मला न विचारता माझंही. एक किलोमीटर. मी नाही म्हटलं तर म्हणाली, "अगं, भीती मनातली असते." या वाक्याचा मला मनापासून राग आहे. आमच्या घाटावरची भीती मनातली नव्हती. तिला दात होते.

पण रागाच्या भरात एक गोष्ट बरी झाली. मी वही घेतली आणि माझी भीती खरी कुठं आहे आणि उसनी कुठं आहे, ते लिहून काढायला बसले. आपल्याकडची मगर गोड्या पाण्यातली. कृष्णेत आहे, चिपळूणला वाशिष्ठीत आहे, महाडला सावित्रीत आहे, तिलारीत आहे, मुंबईच्या पवई तलावातही आहे. यातल्या एकाही पाण्यात मी उतरणार नाही, आणि त्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. खाऱ्या पाण्यातली मोठी मगर ओडिशात भितरकणिकाला, सुंदरबनात आणि अंदमान-निकोबारला असते, आपल्या किनाऱ्याला नाही. म्हणजे चिवल्याच्या पाण्यात मला मगर भेटायची नव्हती. हे लिहून झाल्यावर भीती कमी झाली का? अजिबात नाही. पण ती कुठल्या पत्त्यावर राहते ते कळलं.

टँकच्या सरांना शेवटी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "भीती आली की तुम्ही काय करता?" मी म्हटलं, थांबते, उभी होते आणि खाली बघते. "तेच चुकतंय. उभं राहिलं की पाय खाली लोंबतात आणि मन पायाशी जातं. उलट्या व्हा, पाठीवर. दहा श्वास मोजा. सोडताना लांब सोडा." त्यांचं म्हणणं असं की पाण्यात जनावरापेक्षा धाप जास्त माणसं मारते. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात, मगरीच्या तोंडी किती जातात ते मोजा, असं ते म्हणाले. मला आकड्यांनी कधी धीर येत नाही, पण पाठीवर होण्याची सवय मात्र महिनाभर रोज केली. मुद्दाम खोल बाजूला, मुद्दाम दिवे लागायच्या आधी.

पुढची पायरी मैत्रिणीच्या दिराचं शेततळं. पाणी हिरवं, हात कोपरापर्यंतच दिसायचा. त्यात मगर असूच शकत नाही हे मला ठाऊक होतं, माझ्या पायांना नव्हतं. पहिल्या दिवशी चार हात मारले आणि काठाला आले. खरं सांगायचं तर तिथला धोका वेगळाच होता. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, उतार निसरडा असतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, असे जीव गेलेले आहेत. म्हणून दिरानं दोन बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडले होते आणि तो स्वतः काठावर बसून असायचा. मी मात्र दोराकडं न बघता पाण्यात डोळे शोधत होते. भीतीला अक्कल नसते ती अशी. आठ रविवार गेलो. सहाव्या रविवारी मी पहिल्यांदा अर्धा तास न थांबता पोहले आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की मधली दहा मिनिटं मी ऑफिसच्या एका मेलचा विचार करत होते. तो मेल मी जपून ठेवायला हवा होता.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी आम्ही मालवणला गेलो. ज्यांच्या घरी उतरलो ते काका रापणीवाले. त्यांना मैत्रिणीनं माझं सगळं सांगून टाकलं. काका म्हणाले, "उद्या सकाळी रापणीक ये गो. पाण्यात काय आसा ता दाखवतंय."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धगोलाकार टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावरून ओढत राहतात. मीही दोराला हात लावला. तासाभरानं जाळ्याचा पोटाचा भाग वाळूवर आला आणि ज्या पाण्यात मी पोहणार होते, ते पाणीच कुणी माझ्यासमोर उलटं करून ठेवल्यासारखं झालं. तारली भरपूर, थोडे बांगडे, कुर्ल्या, दोन-तीन शिंगाळे, थरथरणाऱ्या जिलेबीच्या पिठासारखे जेलीफिश आणि ताटाएवढं एक पाकट, म्हणजे स्टिंग रे.

काकांनी पाकटाची शेपटी काठीनं उचलून काटा दाखवला. विषारी असतो. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी कितीतरी लोकांचे पाय फोडले होते, ते मला आठवलं. काका म्हणाले, "ता मुद्दाम मारूक येणा नाय. वाळूत निजता. तू वर पाय दिलंस तर ता काय करतला?" उपाय साधा. उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, वाळूतून फरफटत न्यायचा, म्हणजे चाहूल लागून ते आपणच सरकतं. लागलंच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय धरून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा, कारण ते विष उष्णतेनं निकामी होतं.

जाळ्यात शेवटी एक समुद्री सापही निघाला. हातभर लांब, शेपूट वल्ह्यासारखी चपटी. सगळे एक पाऊल मागं झाले. मी तीन. तिथं मात्र काका गंमत करत नव्हते. "ह्या जनावराक हात लावूचो नाय." समुद्री सापाचं विष जहाल, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यासाठी आपल्याकडं जी लस मिळते ती याच्यावर चालत नाही. दंश होतात ते बहुतेक मच्छीमारांना, जाळ्यातून मासळी सोडवताना. मोकळ्या पाण्यात तो श्वास घ्यायला वर येतो आणि आपल्या वाटेनं जातो. काकांनी लांब काठीवर घेऊन त्याला लाटेत सोडलं. तो ज्या पाण्यात गेला त्याच पाण्यात दोन तासांनी मी गेले. कशी गेले ते मला नीट सांगता येणार नाही. पण न बघितलेल्या मगरीपेक्षा बघितलेला साप बरा वाटला, एवढं खरं.

शार्कचं विचारायचं राहिलंच होतं. काकी आतून म्हणाल्या, "मोरी? ती रातीक जेवणात आसा." सुसरबाईची पाठ मऊ म्हणत आयुष्य काढलेल्या मला, भीतीच्या वस्तूचं कालवण करणारी माणसं पहिल्यांदाच भेटली.

सरावाच्या तिसऱ्या दिवशी जेलीफिश लागला. उजव्या दंडावर गांधीलमाशी चावल्यासारखी जळती रेघ. मी घाबरून उभी झाले नाही, पाठीवर झाले, हे मला नंतर काठावर कळलं. काकांनी समुद्राचंच पाणी ओतलं. चोळू दिलं नाही आणि पिण्याचं पाणीही लावू दिलं नाही, गोड्या पाण्यानं उरलेल्या नांग्या आणखी फुटतात म्हणाले. अंगावर पित्त उठलं, धाप लागली किंवा तोंड सुजलं तर मात्र थेट दवाखाना. माझं तसं काही झालं नाही. तासाभरात जळजळ उतरली. इतक्या वर्षांनी पाण्यातल्या कशानं तरी मला एकदाचं धरलं होतं आणि मी काठावर बसून चहा पीत होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी पाणी शांत आणि बरंच नितळ होतं. बाजूनं होड्या होत्या, कमरेला माझा नारिंगी फ्लोट होता, पाय फरफटत मी आत गेले. आणि शंभरेक मीटरवर, खाली वाळूवर, माझ्या थोडी पुढं एक लांब काळी आकृती पोहत होती. मी वेग वाढवला तर तिनं वाढवला.

सातवीतल्या दुपारी जे पोटात झालं होतं, तेच सगळं झालं. मी उलटी झाले. एक, दोन, तीन. आकाश, एक घार, होडीतल्या माणसाचं "काय झाला गो?" आठव्या श्वासाला डोळ्यांवर ऊन आलं आणि उजेड पडला. चिवल्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळचं ऊन जमिनीकडून, माझ्या पाठीवर येत होतं. ती माझीच सावली होती. त्यानंतर पाणी खोल होत गेलं तशी ती पुसट झाली, आणि खरं सांगते, थोडं एकटं वाटलं.

एक किलोमीटरला मला एकतीस मिनिटं लागली. माझ्या गटात माझ्यामागं दोनच जणी होत्या, त्यातल्या एकीला पेटका आला होता. मैत्रिणीला पदक मिळालं, ती अजून सांगत असते.

मेच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा आण्णांनी विचारलं, "मग, आता नदीत उतरणार का?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "बरं केलंस," आणि तंबाखूची डबी काढली.

भावाचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला शिकायचं होतं. आम्ही मळ्यातल्या विहिरीवर गेलो. मी त्याच्या पाठीला कॅन बांधला. तो कठड्यावरून बराच वेळ खाली बघत बसला.

"आत्या, आत काय हाय?"

"बेडूक. मासे. एक कासव. आणि दिवड हाय एक, त्या दगडाच्या सांदीत."

"चावतो?"

"धरला तर चावतो. विषारी नसतो."

"तू आधी उतर," तो म्हणाला.

मी उतरले.