ग्रीसचा बेत: आधी बोटी, मग शहरे

ग्रीसच्या प्रवासाची आखणी मी शहरांपासून नव्हे, तर बोटींच्या वेळापत्रकापासून सुरू केली, आणि हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे. परदेश प्रवासाचा विचार आपण साधारणपणे आधी विमान, मग हॉटेल, मग पाहण्याची ठिकाणे या क्रमाने करतो. स्वित्झर्लंडसारख्या देशात हा क्रम चालून जातो, कारण तिथे एक गाडी चुकली तर थोड्या वेळाने दुसरी मिळते. ग्रीसमध्ये मात्र वस्ती असलेली बेटेच दोनशेहून अधिक आहेत, त्यांतल्या बहुतेकांना जोडणारा दुवा बोटींचा आहे, आणि बोटी सुटणे न सुटणे वाऱ्याच्या हाती आहे.

आम्ही तिघे होतो: मी, माझा नवरा आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई. आई निवृत्त इतिहास शिक्षिका असल्यामुळे तिला अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर आणि मायसीनीचे प्राचीन अवशेष पाहायचे होते. आम्हा दोघांना समुद्र आणि बेटे हवी होती. रजा जेमतेम पंधरवड्याची होती. नकाशा नीट पाहिल्यावर पहिला निर्णय आपोआप झाला. ग्रीसची बेटे वेगवेगळ्या समूहांत विखुरलेली आहेत आणि हे समूह एकमेकांना सहज जोडलेले नाहीत. कॉर्फू, केफालोनिया ही आयोनियन बेटे पश्चिमेला आहेत, तर नॅक्सोस, सँटोरिनी, पारोस ही सिक्लाडीस समूहातली बेटे पूर्वेकडच्या एजियन समुद्रात आहेत. एकीकडून दुसरीकडे जायचे तर मुख्य भूमीवर परत यावे लागते. तेव्हा एकच समूह निवडायचा, त्यातली दोनच बेटे घ्यायची आणि उरलेले दिवस मुख्य भूमीला द्यायचे, असे ठरले. पाच बेटांची स्वप्ने रंगवणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हे पटले नाही. पण प्रत्येक बेटबदलात सामान बांधणे, बंदर गाठणे, बोटीची वाट पाहणे आणि नवी खोली शोधणे यांत बहुतेक अख्खा दिवस जातो, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर तो दिवस दमवणाराही असतो.

दुसरा निर्णय हंगामाचा होता. जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो आणि तो एकदा सुरू झाला की कित्येक दिवस टिकू शकतो. बाल्कन प्रदेशावरचा हवेचा जास्त दाब आणि तुर्कस्तानावरचा कमी दाब यांच्यातल्या तफावतीतून तो निर्माण होतो. आणि तुर्कस्तानावरचा हा कमी दाब आपल्या मोसमी पावसाला कारणीभूत असलेल्या दक्षिण आशियातल्या कमी दाबाच्या पट्ट्याशी जोडलेला असतो, हे वाचून मला फार नवल वाटले. नवऱ्याचे आजोळ रायगड जिल्ह्यातले असल्यामुळे पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद होणे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणे आम्हाला नवीन नव्हते. फरक इतकाच की कोकणात आभाळ भरून येते आणि समुद्र खवळणार हे आधीच दिसते. एजियनमध्ये आकाश निरभ्र निळे असते, ऊन लख्ख पडलेले असते आणि तरीही बोट सुटत नाही. उन्हाळ्यात तिथे उष्णतेची लाटही येते. अशा दिवसांत अथेन्सचे अक्रोपोलिस, म्हणजे पार्थेनॉन ज्यावर आहे ती टेकडी, दुपारच्या वेळी बंद ठेवण्याचे प्रसंग अलीकडच्या वर्षांत वारंवार आले आहेत. शिवाय १५ ऑगस्ट हा तिथला मेरीमातेचा मोठा सण असल्यामुळे त्या सुमारास सारा देश गावी किंवा बेटांवर निघालेला असतो. या सगळ्याचा विचार करून गणेशविसर्जनानंतरचा, सप्टेंबरच्या उत्तरार्धाचा काळ आम्ही निवडला. त्या वेळी समुद्राचे पाणी पोहण्याइतके उबदार असते, गर्दी ओसरू लागलेली असते आणि बोटींच्या फेऱ्या अजून पुरेशा असतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर त्या झपाट्याने कमी होतात.

तिसरा निर्णय सर्वांत महत्त्वाचा होता, तो म्हणजे क्रम. अथेन्सला उतरून तिथेच मुक्काम करावा आणि शेवटी बेटांवर विश्रांती घेऊन परतावे, असा मोह स्वाभाविक आहे. मी मात्र बेटे आधी, मग मुख्य भूमीवरच्या नाफ्प्लिओ गावाचा किनारा आणि अथेन्स अगदी शेवटी असा क्रम लावला. बोट रद्द झाली तर मधला एखादा मुक्काम आखडता घेता येतो, परंतु परतीचे विमान थांबत नाही. म्हणून विमानाच्या आधीचे दिवस कोरड्या जमिनीवरच असले पाहिजेत. या क्रमाचे आणखी एक कारण होते, आणि ते आईने सुचवले. सँटोरिनीवरच्या अक्रोतिरी या प्राचीन नगरातली काही भित्तिचित्रे आणि मायसीनीच्या राजथडग्यांमधले सोन्याचे मुखवटे आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. आधी ती जागा पाहावी आणि नंतर तिथून निघालेल्या वस्तू पाहाव्यात, म्हणजे संग्रहालयातली दालने कोरडी वाटत नाहीत. तिचे म्हणणे शब्दशः खरे ठरले.

व्हिसाचे काम त्या मानाने सरळ होते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णय सर्वसाधारणपणे पंधरा दिवसांत होतो, तथापि तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४पासून ९० युरो झाले आहे, अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने असावी लागते. उन्हाळ्याच्या आधी अर्ज केंद्रातल्या भेटीच्या वेळा भराभर संपतात, म्हणून मी ती वेळ सर्वांत आधी घेतली आणि कागदपत्रे नंतर जुळवली. प्राप्तिकराची विवरणपत्रे, बँकेचे सहा महिन्यांचे खातेउतारे, कार्यालयाचे रजेचे पत्र, आईच्या निवृत्तिवेतनाचे कागद आणि तिचा खर्च आम्ही करणार असल्याचे पत्र, असा तो गठ्ठा होता. अर्जासोबतच्या दिनक्रमात लिहिलेली प्रत्येक रात्र हॉटेलच्या आरक्षणाशी जुळते की नाही, हे मी ओळीने ताडून पाहिले. एक रात्र बोटीत आणि हॉटेल मात्र दुसऱ्याच गावात, अशी विसंगती राहिली तर अर्ज तपासणाऱ्याच्या मनात शंका येणे साहजिक आहे. हॉटेले रद्द करता येतील अशीच घेतली आणि बोटींची तिकिटे व्हिसा हातात आल्यावर काढली. सप्टेंबरअखेरीच्या मोठ्या बोटींना तोवर जागा असते. ऑगस्टचा प्रवास असता तर इतके थांबणे शक्य झाले नसते.

बोटींचे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या पारंपरिक बोटींतून अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून नॅक्सोसला सव्वापाच तासांच्या आसपास आणि सँटोरिनीला आठ तासांच्या आसपास लागतात. जलद बोटी हा वेळ पुष्कळ कमी करतात, पण भाडे बरेच जास्त घेतात. आम्ही सर्वत्र मोठ्या बोटी घेतल्या आणि त्याचे कारण पैसे वाचवणे एवढेच नव्हते. वारा वाढल्यावर बंदर प्रशासन बोटींना निघण्यास बंदी घालते. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात वारा आठपर्यंत पोहोचला की मोठ्या बोटीही थांबू शकतात. हलक्या जलद बोटी त्याआधीच थांबतात, आणि चालू असल्या तरी त्यांत लाटांचा त्रास अधिक होतो. शिवाय मोठ्या बोटीत डेकवर उभे राहून बेटे जवळ येताना पाहता येतात. साध्या तिकिटावर मिळेल तिथे बसावे लागते, म्हणून थोडे अधिक पैसे देऊन आईसाठी क्रमांकाची खुर्ची घेतली. ही सूचना मी प्रत्येकाला आवर्जून करते.

विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत आता मेट्रोची तिसरी मार्गिका थेट जाते; हा जोड २०२२मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे अथेन्स शहरात न थांबता आम्ही बंदराजवळच रात्र काढली आणि पहाटे चालत बोट गाठली. पिरेयस अवाढव्य आहे. सिक्लाडीसच्या बोटी मेट्रो स्थानकाच्या समोरच्या बाजूने सुटतात, तर क्रीट आणि डोडेकनीज या बेटांकडच्या बोटी बंदराच्या पार पलीकडून. तेव्हा फाटकाचा क्रमांक आदल्या दिवशीच पाहून ठेवावा. बोटीत शिरताच खालच्या वाहनतळावर बंदरांच्या नावांच्या फळ्या लावलेल्या असतात, त्यांत आपल्या बंदराच्या फळीवर सामान ठेवायचे. बेट जवळ आले की उद्घोषणा होते आणि सगळे खाली उतरून दार उघडण्याची वाट पाहतात. मधल्या बंदरावर बोट काही मिनिटेच थांबते, म्हणून आईला घेऊन आम्ही उद्घोषणेच्या थोडे आधीच निघत असू.

नॅक्सोसवर आम्ही जास्त दिवस ठेवले आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. बंदरातून उतरताच डाव्या हाताला अपोलोच्या अपूर्ण मंदिराची इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली संगमरवरी चौकट उभी दिसते. समुद्रकिनारे लांब आणि वाळूचे आहेत, आणि बस डोंगरातल्या खाल्की व अपिरान्थोस या गावांपर्यंत जाते. आई शाकाहारी असल्यामुळे जेवणाची काळजी होती, पण ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपवासांच्या परंपरेमुळे ग्रीक स्वयंपाकात तेलात शिजवलेल्या भाज्यांचे आणि कडधान्यांचे पदार्थ पुष्कळ आहेत. पांढऱ्या मोठ्या घेवड्याची गिगांतेस, भाज्यांचे ब्रियाम, पालकाची स्पनाकोपिता आणि सँटोरिनीची फावा हे पदार्थ तिला मनापासून आवडले. भरलेल्या टोमॅटोत आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत कधी खिमा असतो, तेवढे मात्र विचारून घ्यावे लागते.

सँटोरिनीवर कड्यावरच्या खोल्यांचे दर आमच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून आम्ही काळ्या वाळूच्या कामारी किनाऱ्यावर राहिलो आणि बसने फिरलो. मुक्कामाच्या खर्चात हवामान कर वेगळा धरावा लागतो: एप्रिल ते ऑक्टोबर या काळात चार तारांकित हॉटेलात प्रत्येक खोलीमागे रोज १० युरो आणि पंचतारांकित हॉटेलात १५ युरो, आणि तो सहसा तिथेच भरायचा असतो. अक्रोतिरीचे उत्खनन १९६७मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी सुरू केले. इसवी सनपूर्व सोळाशेच्या सुमाराच्या प्रचंड उद्रेकात राखेखाली गेलेले हे नगर आज छपराखाली सुरक्षित आहे, त्यामुळे आईला तिथे उन्हाचा त्रास न होता निवांत फिरता आले.

परतीच्या दिवशी वारा वाढला आणि बंदी लागू झाली. सकाळीच फोनवर संदेश आला. फिरा या बेटावरच्या मुख्य गावातील तिकीट कार्यालयात गेल्यावर दुसऱ्या दिवशीच्या बोटीत जागा मिळाली. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रद्द झालेल्या फेरीसाठी प्रवाशाला पर्यायी प्रवास किंवा पूर्ण परतावा मागता येतो, हवामान कारण असले तरीही. नुकसानभरपाई मात्र अशा वेळी मिळत नाही. कामारीच्या खोलीचा मुक्काम एका रात्रीने वाढवला आणि नाफ्प्लिओची एक रात्र गेली. आमच्याच बोटीचे तिकीट असलेल्या एका कुटुंबाचे विमान त्याच रात्रीचे होते आणि त्यांची धावपळ पाहवत नव्हती. त्या दिवशी आम्हाला काळजी करावी लागली नाही, याचे श्रेय मी क्रमाच्या त्या एका निर्णयाला देते.

नाफ्प्लिओ ही आधुनिक ग्रीसची पहिली राजधानी. अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून बसने अडीच तासांच्या आत पोहोचता येते. एक टॅक्सी ठरवून आम्ही एकाच दिवसात एपिडॉरसचे नाट्यगृह आणि मायसीनी ही दोन्ही स्थळे पाहिली. मायसीनीच्या सिंहद्वारापर्यंतचा चढ आईने सावकाश, पण स्वतःच्या पायांनी चढला. बेटांवर मन रमलेल्या प्रवाशांकडून हा प्रदेश हमखास सुटतो, याचे मला वाईट वाटते.

अथेन्समध्ये अक्रोपोलिसचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि एप्रिल २०२५पासून त्याचा दर ३० युरो आहे. दिवसाला वीस हजार अभ्यागतांची मर्यादा असल्यामुळे ते आधीच काढलेले बरे. आम्ही सकाळी आठची वेळ घेतली. सप्टेंबरपासून दर पंधरवड्याला बंद होण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे येते, म्हणून संध्याकाळची वेळ घेणाऱ्यांनी ती तपासून पाहावी. चालण्यास अडचण असणाऱ्यांसाठी टेकडीच्या उत्तर बाजूला उद्वाहन आहे, आणि वर काँक्रीटच्या वाटा केल्यामुळे गुळगुळीत झालेल्या संगमरवरावरून घसरण्याची भीती पुष्कळ कमी झाली आहे. राष्ट्रीय संग्रहालयाला आम्ही पूर्ण दिवस दिला.

क्रीट आम्ही मुद्दाम वगळले. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सुमारे २६० किलोमीटर पसरलेल्या त्या बेटाला दोन-तीन दिवस देणे म्हणजे क्नोसोसचा प्राचीन राजवाडा पाहून परतणे होय. पुढच्या वेळी हेराक्लिओनला विमानाने उतरून सगळी रजा तिथेच घालवण्याचा विचार आहे. त्याची आखणी आईने वहीत सुरूही केली आहे.