झाडाखाली घर करणारा पेंग्विन

आमच्या भाच्यानं परवा विचारलं, "मामा, पेंग्विन जंगलात काय करायलाय?" पोराच्या मोबाईलवर फोटो होता, ओलं शेवाळ, फर्न, मोठ्या झाडाची मुळं आणि मुळांच्या आत पिवळ्या भुवयांचा पेंग्विन. बर्फ कुठंच नाही. हा तावाकी, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फिओर्डलँडकडं राहतो, तिथल्या मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या बेळगावकडच्या कणकुंबीच्या माणसाला असला पाऊस काय वेगळा सांगायचा!

जुलैला आपल्याकडं मलप्रभा भरून वाहत असते तेव्हा हे तिकडच्या थंडीत घरटी धरायला लागतात, दगडाच्या कपारीत नाहीतर मुळांखाली. अंडी दोन, पहिलं लहान दुसरं मोठं, आणि बहुतेक वेळा पिल्लू एकच जगतं. पहिले तीनेक आठवडे बाप पिल्लाजवळून हलत नाही, उपाशी राहतो, आणि आई समुद्रातून खाणं आणते. आमच्या धनेशाच्या, म्हणजे हॉर्नबिलच्या, बरोबर उलटं, तिथं मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फळं आणतो.

पिल्लं मोठी झाली की हे पक्षी समुद्रात जातात ते आठ-दहा आठवडे, 2018 साली छापलेल्या अभ्यासात काही जण घरापासून अडीच हजार किलोमीटर लांब जाऊन परत आलेले दिसलेत. एवढं फिरून येणाऱ्याला मारतो कोण, तर स्टोट, मुंगसाएवढासुद्धा नसलेला प्राणी, 1880च्या दशकात माणसांनीच सशांचा बंदोबस्त करायला आणून सोडलेला. शिवाय मोकाट कुत्री, मासेमारीची जाळी.

आणि आपण. किनाऱ्यावर माणसं उभी दिसली की पोट भरून आलेला पक्षी जंगलात शिरायला घाबरतो, पाण्यातच थांबतो, तिकडं पिल्लू उपाशी. हे वाचलं आणि मला जांबोटीजवळचा मार्च आठवला. धनेशाच्या ढोलीच्या झाडाखाली आम्ही पाचसहा जण कॅमेरे घेऊन, नर चोचीत फळ धरून लांबच्या झाडावर बसलेला, येतच नव्हता. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी सगळ्यांना उठवलं, पार रस्त्यापर्यंत मागं नेलं. तेव्हा मला रागच आला होता, फोटो गेला म्हणून. पंधरा मिनिटांत नर ढोलीवर आला. आता मी तिथनंच बघतो, रस्त्यावरनं, दुर्बिणीतनं.