चारशे धाग्यांसाठी फणसाचं एक फळकूट

गेल्या जानेवारीत, बाहेर उणे नऊ तापमान असताना, आमच्या गोथेनबर्गच्या घरात रात्री 'टक्' असा आवाज झाला. लहानसाच, पण इतका स्पष्ट की मी स्वयंपाकघरातून उठून आले. भिंतीला टांगलेलं, विणकामात धागे ओवायचं फणसाच्या लाकडाचं फळकूट तिसऱ्या भोकापासून थेट कडेपर्यंत चिरलं होतं. सहा महिन्यांपूर्वी ते मी वेंगुर्ल्याहून करून आणलं होतं. कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेत, कोकमाच्या पुड्यांच्याही वर ठेवून. चीर बघितली आणि ते करून देणाऱ्या सुतारांचे, आमच्या मेस्त्रीकाकांचे शब्द आठवले. त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. ऐकलं नव्हतं ते मी.

घरच्यांनी बऱ्याचदा विचारलंय की तिथे संध्याकाळी तू नक्की करतेस तरी काय, आणि ते फळकूट कशाचं? आज ते नीट लिहिते.

स्वीडनमध्ये गावोगावी 'वेवस्तूगा' असतात. वेव म्हणजे विणकाम आणि स्तूगा म्हणजे छोटं घर. आमची वेवस्तूगा एका इमारतीच्या तळघरात आहे. पाइनच्या लाकडाचे सहा मोठे हातमाग, भिंतीवर सुताच्या लड्या आणि कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. वर्गणी भरायची, किल्ली घ्यायची, मागावर आपली पाळी आली की विणायचं. इथून साठेक किलोमीटरवर बोरोस हे शहर आहे. १६२१ साली वसलेलं हे गाव पुढे स्वीडनच्या कापडधंद्याचं केंद्र झालं. आपल्या इचलकरंजीसारखं म्हटलं तर चालेल. गिरण्या बहुतेक बंद पडल्या, पण घरच्या मागावर स्वतःचे टॉवेल विणणाऱ्या बायका अजून आहेत, आणि थोडे पुरुषही. मला शिकवणाऱ्या बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. इथे लहानमोठे सगळेच एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ मात्र अजून वळत नाही, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते.

विणणं हे काम सोपं आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. धोटा इकडून टाकला, तिकडून घेतला, फणी ओढली. खरी मेहनत असते ती त्याआधी, ताणा करण्यात, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे तयार करण्यात. माझ्या पहिल्या टॉवेलांचा हिशोब सांगते. पन्नास सेंटिमीटर पन्हा, दर सेंटिमीटरला आठ धागे, म्हणजे ४०० धागे. प्रत्येक धागा पाच मीटर. एकूण दोन किलोमीटर सूत! ते सगळं सारख्या लांबीचं, सारख्या ताणाचं आणि आपापल्या क्रमाने मागावर चढायला हवं. दोनशे तेरावा धागा दोनशे बाराव्याच्या शेजारीच बसायला हवा.

आणि सूत तर मोकळं सोडलं की गुंतायलाच बघतं. माझा पहिला ताणा असाच गेला. दोन संध्याकाळी उभं राहून खुंट्यांच्या चौकटीवर ४०० धागे घेतले, आणि चौकटीवरून उतरवताना फुली बांधायची राहिली. कडेचे चार पदर ओघळले, मी ते सावरायला गेले तर आणखी वीस निसटले. रात्री अकरापर्यंत आजी आणि मी जमिनीवर बसून सोडवत होतो. शेवटी आजींनी कात्री माझ्या हातात दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. मी कापलं. घरी येताना ट्राममध्ये मला रडू आलं, आणि ते सुताच्या किमतीसाठी नव्हतं.

ही 'फुली' म्हणजे सगळ्या ताण्याचा जीव. चौकटीच्या टोकाला शेजारी शेजारी दोन खुंट्या असतात. पहिला धागा एका खुंटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून जातो, त्याच्या शेजारचा बरोबर उलटा. त्यामुळे दोन खुंट्यांच्या मध्ये प्रत्येक धागा शेजाऱ्याला छेद देऊन जातो आणि कुणालाही कुणाच्या पुढे सरकता येत नाही. खुंट्या काढल्या की त्यांच्या जागी दोन गुळगुळीत काठ्या सरकवायच्या आणि त्यांची टोकं एकमेकींना बांधायची. एवढ्या दोन काठ्यांवर ४०० धाग्यांचा क्रम टिकतो. त्यानंतर येतो दातेरी दांडा. लांब लाकडावर दर सेंटिमीटरला एक खिळा, दोन खिळ्यांच्या मधे आठ धागे, वरून झाकणाची पट्टी. ताणा मागाच्या आडव्या तुळईवर गुंडाळताना तो पन्हाभर सारखा पसरावा, एका जागी गोळा होऊ नये, एवढंच याचं काम.

पण माझा जीव जडला तो फळकुटावर. इंग्रजीत त्याला वार्पिंग पॅडल म्हणतात. तळहाताएवढी लाकडी फळी, खाली मूठ. फळीवर एक भोक, एक उभी फट, पुन्हा भोक, पुन्हा फट, अशी पाच भोकं आणि पाच फटी. सुताचे दहा कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, जमिनीवर ठेवायचे, प्रत्येकाचा धागा वरच्या कडीतून घेऊन एकेका भोकातून वा फटीतून ओवायचा, आणि दहाही धागे एकदम धरून चौकटीवर चालायचं. चारशे फेऱ्यांच्या जागी चाळीस! पण खरी गंमत फुलीपाशी आहे. फळकूट वर उचललं की भोकातले धागे त्याच्याबरोबर वर येतात आणि फटीतले फटीत सरकून खालीच राहतात. मधे जी जागा उघडते तिच्यात तर्जनी घालायची. मग फळकूट खाली दाबायचं. आता भोकातले खाली, फटीतले वर. या जागेत अंगठा. दोन बोटांवर दहा धाग्यांची फुली तयार, ती तशीच उचलून दोन खुंट्यांवर चढवायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी दहा वेळा वर-खाली करून नुसती बघत बसले. एक पथ्य मात्र सांभाळावं लागतं. परत फिरताना फळकूट हातात उलटायचं नाही, नाहीतर कोनापासून फळकुटापर्यंत दहाही धाग्यांना पीळ बसतो आणि तो काढताना पुन्हा तेच रडगाणं.

ही भोक आणि फटीची युक्ती फार जुनी आहे. उत्तर स्कँडिनेव्हियात राहणारे सामी लोक रेनडिअरच्या शिंगापासून अशीच छोटी चौकट करून तिच्यावर रंगीत पट्टे विणतात. स्वीडनच्या खेड्यांत पूर्वी तरुण मुलगा आपल्याला आवडलेल्या मुलीसाठी अशी चौकट लाकडात कोरायचा, वर फुलं, आद्याक्षरं, साल. संग्रहालयात त्या बघताना मी प्रत्येक वेळी थांबते. आपल्याकडेही विणकरांच्या गल्लीत काठ्या रोवून, सूत घेऊन वर-खाली चालत ताणा केला जायचा. फुली तिथेही काठ्यांवरच.

वेवस्तूगेतलं फळकूट सगळ्यांचं. मला माझं स्वतःचं हवं होतं. इथे विकत मिळतं, चांगलं मिळतं, बर्चचं. पण त्या जुलैत मी घरी येणार होते, आणि आमच्या वाडीत मेस्त्रीकाका आहेत. माझ्या लग्नातला चौरंग त्यांच्या हातचा. मापं कागदावर काढून नेली.

काकांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "ह्यां कित्याक गो बाय? फणी म्हणूक दात नाय, किसणी म्हणूक धार नाय."

मी त्यांच्या ओसरीवर सुतळीचे सहा तुकडे आणि एक पुठ्ठा घेऊन बसले. भोकं पाडली, फटी कापल्या, वर-खाली करून दाखवलं. ते तीन-चार वेळा बघून गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे सूत आपली जागा इसारता नये." मला नऊ महिने लागले होते जे समजायला, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. माग त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. पण रापणीची जाळी समुद्रावर आवरून ठेवताना त्यांनी लहानपणापासून पाहिलीत. आवरायला चुकलं की दुसऱ्या दिवशी काय होतं, ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

लाकूड फणसाचं निघालं, पिवळंधमक. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं, "लाकूड ओलां आसा. पावसाचां करू नको. थयसर न्हेलंस काय फुटतलां." पण माझं विमान आठ दिवसांवर होतं. मी हट्ट धरला. त्यांनी करून दिलं.

लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं. आपल्याकडे आषाढात तो नव्वद टक्क्यांपर्यंत जातो, मीठ पाझरतं, दरवाजे फुगून बसतात. स्वीडनच्या थंडीत हीटर लावलेल्या घरात तो पंचवीस-तीस टक्क्यांवर येतो. ओठ फुटतात, तिथे फणसाच्या ओल्या फळीचं काय! ती आकसली आणि जिथे सगळ्यात कमकुवत होती तिथे फाटली. वर मी ते हीटरच्या डोक्यावरच टांगलं होतं.

यंदा मे महिन्यात फुटकं फळकूट घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा पुसला, चिरेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "चूक माझी पण आसा. फणयेचे दात रेषेच्या आडवे कोण कापता? मियाच कापलंय."

बघा, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. पहिल्या फळकुटात लाकडाची रेषा आडवी होती, भोकांच्या ओळीबरोबर जाणारी. पोस्टाच्या तिकिटांच्या मधे भोकं असतात ना, फाडायला सोपं पडावं म्हणून, अगदी तसं झालं होतं. आणि फटींच्या मधल्या पट्ट्या रेषेला आडव्या कापल्या गेल्यामुळे त्यांच्यात जोर नव्हता. कंगव्याचे दात नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर असतात. फटीही तशाच हव्यात, उभ्या.

लाकडाचा प्रश्न आमच्या घरातल्या काकांकडे सुटला. त्यांनी त्याच महिन्यात जुना माळा उतरवला होता. आजोबांच्या वेळच्या फणसाच्या फळ्या पडवीत रचून ठेवलेल्या. पिवळेपणा जाऊन पिकल्या सुपारीसारखा तांबूस रंग आलेला. इतके पावसाळे खाल्लेलं लाकूड आता फारसं हलणार नव्हतं. मेस्त्रीकाकांनी एका फळीवर टिचकी मारून कान लावला, दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिसरी पसंत पडली.

चार दिवस मी रोज तिथे जाऊन बसत होते. रेषा उभी ठेवली की फळी रुंदीत सुटण्याची भीती, म्हणून त्यांनी वर आणि खाली एकेक आडवी पट्टी बसवली. सरस नाही, खिळा नाही, फक्त लाकडी खुंट्या, आणि त्याही जरा सैल. "लाकडाक हलाक जागा व्हयी," म्हणाले. भोकांच्या दोन्ही कडा गोल केल्या. पॉलिश पेपर भोकात नीट जात नव्हता, तर नातवाला पाठवून खरवतीची पानं मागवली. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, खरवतीचं पान हाताला काचेच्या कागदासारखं खरखरीत लागतं. आमच्याकडे जुने सुतार लाकूड घासायला तेच वापरायचे. पान सुरळी करून भोकात घालायचं आणि फिरवायचं. प्रत्येक भोकाला पाच-सहा पानं गेली असतील. मग त्यांनी माझ्याकडचा तागाचा धागा मागितला, भोकातून ओढला, डोळे मिटून. चौथ्या भोकाला थांबले. मला काहीच जाणवलं नव्हतं. त्यांनी आणखी एक पान घेतलं. तेल लावू नका म्हणून मी सांगणारच होते, सुताला डाग पडतात, पण त्यांनी आपणहून कोरडंच ठेवलं.

शेवटच्या दिवशी गेले तर प्रत्येक भोकाच्या आणि फटीच्या डोक्यावर बारीक आकडे कोरलेले. १ ते १०. मी सांगितलं नव्हतं. रंगांचा क्रम चुकता कामा नये, एवढंच बोलण्यात आलं होतं. "वाशे उतरवताना नंबर घालतंव, मगे चढवताना गोंधळ नाय," ते म्हणाले. माळ्याच्या त्या फळ्यांच्या पाठीवरही मी नंतर पाहिलं, कुणीतरी कधीतरी छिन्नीने आकडे पाडलेले होतेच.

पैसे किती म्हटल्यावर त्यांनी जुन्या फळकुटाकडे बोट दाखवलं आणि फक्त मजुरीतली निम्मी रक्कम घेतली. मी आग्रह केला तर रागावले. मग पुढच्या खेपेला दोन काठ्या करायची ऑर्डर देऊन आले, त्याचे पैसे आगाऊ.

फळकूट इथे आणून पाच आठवडे मी ते सुटकेसमध्येच कपड्यांत ठेवलं, हळूहळू सवय व्हावी म्हणून. हीटरजवळ आता ते जाणार नाही. ऑगस्टच्या शेवटी वेवस्तूगेत नेलं. निळा, पांढरा, पांढरा, आबोली अशा पट्ट्यांचा ताणा होता, पुन्हा ४०० धागे. चाळीस फेऱ्या, एका संध्याकाळी. एकही धागा अडकला नाही. फुली बांधून झाली तेव्हा आजी आल्या, फळकूट उचललं, भोकांवरून अंगठा फिरवला, मग वास घेतला. कुठलं झाड म्हणून विचारलं. फणस त्यांनी पाहिलेला नाही. मी हातांनी आकार दाखवला तर त्यांचा विश्वास बसेना.

मग त्यांनी विचारलं, वरची ही नक्षी कसली? मी म्हटलं, नक्षी नाही, आकडे आहेत. आता आमच्याकडे रंग सांगताना आजी आणि आणखी दोघीजणी मराठीत मोजतात. एक, दोन, तीन सुरळीत जातं. सहा आणि नऊ यांचे आकार त्यांना अजून सारखेच दिसतात, आणि आजी प्रत्येक वेळी थांबून माझ्याकडे बघतात.