काकूंनी फोनवर रंग सांगितला होता तांबूस

पेस्ट कंट्रोलच्या कामात अकरा वर्षं झाली पण तळेगावचा तो बंगला अजून डोक्यातून जात नाही. काकूंचा फोन आला की गांधीलमाशा झाल्यात, तांबूस रंगाच्या, पोटावर पिवळा पट्टा. मी चारच्या सुमारास पोचलो तर त्यांनी मला थेट खिडकीपाशी नेलं, चौकटीच्या कोपऱ्यात मातीचा गोळा होता.

बघताच म्हटलं काकू ही कुंभारीण आहे, मातीचं घर बांधणारी माशी, ही एकटी राहते, हिला धरलं चेपलं तरच डसते. एक बंद घर फोडून दाखवलं, आत कोळीच कोळी, मेलेले नाहीत, नांगी मारून लुळे केलेले, पिल्लाला ताजं खायला मिळावं म्हणून. काकू बघतच राहिल्या. तेवढ्यात ती स्वतः आली, काळी, पिवळे पाय, कंबर दोऱ्याएवढी.

काळी! आणि फोनवर रंग सांगितला होता तांबूस. म्हणजे दुसरं पोळं कुठेतरी होतं, हे मला तिथेच सुचायला हवं होतं आणि मी कोळी दाखवत बसलो, याचं आजही वाईट वाटतं.

पाच वाजता काका रोजच्यासारखे बागेला पाणी सोडायला गेले, वॉल्वच्या चेंबरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि ओरडलेच. झाकणाला आतून राखाडी कागदी पोळं लटकत होतं, तळहाताएवढं. मानेवर आणि हातावर चार डंख. काटा एकही सापडला नाही, मधमाशीचा काटा तुटून राहतो, गांधीलमाशीचा नाही, म्हणून एकच माशी परत परत मारू शकते. काकू चुना घेऊन आल्या पण काकांचे तळवे खाजायला लागले होते, पोटावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, म्हणाले घसा आवळल्यासारखा होतोय. मी म्हटलं काकू चुना राहू द्या, गाडी काढा. डंखाच्या जागी सूज येतेच, पण डंख एकीकडे आणि गांध्या अंगभर असं झालं की एक मिनिट घालवायचं नसतं, हे मी आमच्या एका मुलाच्या बाबतीत बघितलेलं. दवाखान्यात लगेच मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आठला मी एकटाच परत आलो. अंधारात सगळ्या माशा पोळ्यावर असतात आणि उडायला नाखूष असतात. सूट चढवला, टॉर्चला लाल कागद लावला कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि साबणाचं पाणी मारलं, त्याने त्यांचा श्वास कोंडतो, बागेच्या पाण्याजवळ विष नको होतं. मग देठ कापून पोळं पिशवीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. मी चेंबर परत बघायला गेलो तेव्हा काकूंना विचारलं, खिडकीतलं काढू का? त्या म्हणाल्या, राहू दे रे, सकाळपासून चिखल आणतीये ती, तू फोडलेलं बुजवतीये.